हत्यारं सांभाळणार कोण?

मेकरस्पेस म्हणजे सगळ्यांनी मिळून हत्यारं वापरायची सामायिक कार्यशाळा. या चर्चेत दोघातिघांनी ‘हे परदेशी फॅड आहे, आपल्याकडे चालायचं नाही’ असं म्हटलंय, म्हणून लिहितोय. शिरूर तालुक्यातलं पाबळ बघा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था काढली आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची, सगळ्यांना खुली कार्यशाळा; कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक, आणि तीही मुंबई-पुण्यात नाही, खेड्यात!

खरी अडचण वेगळीच असते. आमच्या सोसायटीत आम्ही सहा जणांनी तळघरातली एक खोली घेऊन हा उद्योग केला. ड्रिल, जिगसॉ, सोल्डरिंग आयर्न, सगळं आपापल्या घरून आणलं. महिन्याभरात कुणीतरी माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला. धारेला हा एवढा खांडा! विचारलं तर सगळे साळसूद. मग भिंतीवर प्लायवूड ठोकलं आणि प्रत्येक हत्याराची आकृती मार्करने काढून ठेवली. रात्री कुलूप लावताना एखादी आकृती रिकामी दिसली की ग्रुपवर फोटो. तेव्हापासून फक्त १० एमएमचा पाना हरवतो, पण तो जगात सगळीकडेच हरवतो म्हणा.

वर्गणी ठेवावी का, असं कुणीतरी विचारलंय. ठेवा, पण बिट, ब्लेड, पॉलिश पेपर या झिजणाऱ्या वस्तूंचे पैसे वेगळे घ्या; आमची भांडणं त्यावरूनच झाली. आणि लेझर कटरचं नंतर बघू हो, आधी एक न हलणारं टेबल आणि बरा व्हाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) घ्या.