थांबायचं की निघायचं? परदेशातल्या सेवेबद्दल मदत हवी आहे

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आम्ही नवरा-बायको परदेशात सुवार्तेच्या सेवेत आहोत, तीन वर्षं होत आली. इथली भाषा आता जमते. दर बुधवारी सहा खुर्च्या मांडतो. शेजारच्या आजी तेवढ्या येतात, मन लावून वचन ऐकतात आणि बाप्तिस्म्याचा विषय निघाला की शाल सावरून उठतात. त्यांच्यावर फार जीव जडलाय.

व्हिसा चार महिन्यांत संपतोय. पाठवणाऱ्या मंडळीचा आधार चालू आहे, तब्येतीही ठीक आहेत. उपास-प्रार्थना केली, पाळकांशी बोललो. ते म्हणाले, देव दाखवेल.

मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आले आणि त्यांच्या सेवेचं पहिलं फळ, कृष्ण पाल, यांचा बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला, हे आठवलं की धीर येतो. पण प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्यानेच मनाई केली होती (प्रेषितांची कृत्ये १६), हेही तितकंच खरं.

‘प्रार्थना करा’ हे आम्ही करतोच आहोत. ज्यांनी स्वतः असा निर्णय घेतलाय त्यांना विचारते: देव थांबवतोय की दुसरीकडे पाठवतोय, हे तुम्ही नेमकं कशावरून ओळखलंत? आणि मुदतवाढीचा अर्ज भरताना मनाला शांती नसेल, तर तेच उत्तर समजायचं का?