उत्तर: ऑनलाइन क्लासने मुलांना आजीची भाषा येते का?

वर म्हटलंय की आठवड्यातून एक तास झूमवर बसून काही होत नाही, त्यापेक्षा ॲप बरं. मला नाही पटत. आमच्या शेजारी लंडनमध्ये नायजेरियन कुटुंब आहे, त्यांची सात वर्षांची मुलगी दर शनिवारी ऑनलाइन योरुबा, म्हणजे त्यांची घरची भाषा, शिकते आणि मी दोन-तीनदा तिथेच बसून बघितलंय. योरुबात सूर तीन, खालचा, मधला, वरचा, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ऑकॉ म्हणजे नवरा, शेवटचा सूर वर नेला तर कुदळ, खाली आणला तर गाडी! बाई हे डो-रे-मी (आपलं सा-रे-ग) म्हणून हात वरखाली करत शिकवतात, पोरगी स्क्रीनसमोर उभी राहून तसाच हात हलवते, आणि चुकलं की बाई लगेच थांबवतात. सगळ्यांनी एकदम म्हटलं तर झूमवर नुसता गोंधळ ऐकू येतो म्हणून एकेकाला अनम्यूट करतात, त्यात वेळ जातो हे खरं, पण कान तयार होतो ना.

आणि मोठ्यांना सकाळी नुसतं 'काआरॉ' (शुभ सकाळ) नाही म्हणायचं, आधी 'ए' लावायचं, आपलं तू आणि तुम्ही असतं तसंच. हे ॲपला उत्तर देऊन कसं अंगवळणी पडणार? ती पोरगी क्लास संपला की नायजेरियात लागोसला आजीला व्हिडिओ कॉल लावते, गुडघे टेकून 'ए काआरॉ' म्हणते, आणि आजी तिकडून तिच्याशी योरुबातच बोलत सुटते.