जंगलासाठीचा पैसा : निकाल दिसल्यावर द्यायचा, की आधी?

रानजाई

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमच्या हवामान परिषदेत उष्णकटिबंधीय जंगलांसाठी एक नवा कायमस्वरूपी निधी सुरू झाला. कल्पना अशी : सरकारांनी २५ अब्ज डॉलर घालायचे, त्यांच्या भरवशावर बाजारातून १०० अब्ज उभे करायचे आणि सगळी रक्कम गुंतवायची. व्याज वगैरे देणी भागवून जे उरेल त्यातून उभ्या जंगलाच्या दर हेक्टरमागे वर्षाला साधारण ४ डॉलर त्या त्या देशाला द्यायचे. तोड झाली की कपात. परिषद संपली तेव्हा आश्वासनं साडेसहा अब्जांच्या थोडी वर पोचली होती.

यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. किमान २० टक्के रक्कम आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी राखून ठेवायची अट आहे. पण मूळ धारणा जुनीच आहे. आधी जंगल राखून दाखवा, मग पैसे.

जंगल राखायचा खर्च मात्र आधीच येतो. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढायची ती वणव्याच्या आधी. रोपवाटिकेत बी पडायला हवं ते पावसाच्या आधी. गस्तीवरच्या माणसाला पगार दर महिन्याला लागतो, उपग्रहाचा अहवाल तपासून झाल्यावर नाही.

नेपाळचं उदाहरण घ्या. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मदतीने सिंधुपालचोक आणि काभ्रे या जिल्ह्यांत काम सुरू झालं. पुढे स्वित्झर्लंड, ब्रिटन, डेन्मार्क असे देश आले. सुरुवातीला नुसत्या रोपवाटिका होत्या. गावाच्या हातात जंगल देणारा कायदा यायला १९९३ उजाडलं. आज तिथे गावचं जंगल सांभाळणारे २२ हजारांहून जास्त वापरकर्ता गट आहेत, आणि १९९२ मध्ये जमिनीच्या २६ टक्क्यांवर असलेलं वनाच्छादन २०१६ मध्ये ४५ टक्क्यांवर गेल्याचं उपग्रहचित्रांच्या अभ्यासात दिसलं. पहिल्या दहा वर्षांत कोणी ‘निकाल दाखवा’ म्हटलं असतं तर दाखवायला काय होतं? थोडी रोपं आणि गावोगावच्या बैठका.

माझं म्हणणं सरळ आहे. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती आगाऊ द्या, वीस वर्षांच्या हमीने द्या आणि जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या हाती द्या.

त्रयस्थ

पूर्ण असहमत. आगाऊ पैसा देऊन झालेला आहे, एकदा नाही, अनेकदा. १९८५ मध्ये अन्न व कृषी संघटना, जागतिक बँक आणि आणखी दोन संस्थांनी मिळून उष्णकटिबंधीय वनांसाठी कृती आराखडा काढला. देशोदेशी राष्ट्रीय आराखडे झाले, देणगीदारांच्या बैठका झाल्या. पाच वर्षांच्या आत टीका सुरू झाली की अनेक देशांत हे आराखडे म्हणजे लाकूडतोड वाढवायच्या प्रकल्पांची यादी झाले आहेत. आराखडा सुरू करणाऱ्या चौघांपैकी एका संस्थेनेच १९९० मध्ये त्याचं परखड मूल्यमापन केलं. हेतू चांगला होता, पैसा होता, निकाल विचारणारं कोणी नव्हतं.

आता ब्राझीलचा ॲमेझॉन निधी पाहा. २००८ मध्ये नॉर्वेने एक अब्ज डॉलरपर्यंत देऊ म्हटलं, पण तोड घटल्याचं मोजमाप दाखवल्यावर. ॲमेझॉनमधली तोड २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर होती, २०१२ मध्ये ४,५७१ वर आली. जंगलाच्या इतिहासात इतकी मोठी घट फार थोड्या ठिकाणी झाली असेल.

नेपाळ हे टिकलेलं उदाहरण आहे. जिथे वीस वर्षं पैसा गेला आणि काहीच उगवलं नाही, त्या ठिकाणांबद्दल कोणी लिहीत नाही. परदेशातल्या करदात्याने त्याच्या खिशातून दिलेल्या पैशाचं काय झालं हे विचारणं गैर नाही.

रानजाई

> २००४ मध्ये २७,७७२… २०१२ मध्ये ४,५७१

आकडे बरोबर, श्रेय चुकीच्या खात्यावर. घट २००४ नंतर लगेच सुरू झाली, निधी आला २००८ मध्ये. मधल्या काळात ब्राझीलने काय केलं? तोडीची लवकर सूचना देणारी उपग्रह यंत्रणा उभारली, धाडी घातल्या, प्रचंड क्षेत्र संरक्षित केलं. २००६ मध्ये सोयाबीन व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचा करार केला, २००८ मध्ये नियम मोडणाऱ्यांचं शेतीकर्ज अडवलं गेलं. यातलं बहुतेक त्यांनी स्वतःच्या इच्छेने केलं. बक्षीस नंतर आलं.

आणि २०१९ मध्ये सरकारने निधीच्या समित्याच बरखास्त केल्या, तेव्हा देणगीदारांनी हात आखडला. २०२१ मध्ये तोड १३ हजार चौरस किलोमीटरवर गेली. निधी पुन्हा सुरू झाला तो जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे जंगलाच्या सर्वांत वाईट वर्षांत नव्या कामांसाठी त्यातून काही मिळत नव्हतं. निकालावर बांधलेल्या मदतीचा हा दोष मला फार मोठा वाटतो. जिथे जंगल पडतं आहे तिथूनच ती निघून जाते.

जमाखर्च

मी सहा वर्षं एका वनप्रकल्पाचे हिशेब सांभाळले. देश आणि संस्था सांगत नाही. दोन देणगीदार होते, दोघांची आर्थिक वर्षं वेगळी, दोघांचे तक्ते वेगळे. एकाच गस्तीच्या होडीचं इंधन मी दोन वेगळ्या शीर्षांखाली दोन वेगळ्या तारखांना लिहीत असे.

पैसा ‘आगाऊ’च होता, रानजाई. कागदावर. वर्षाच्या सुरुवातीला मंजुरी, पहिला हप्ता सातव्या महिन्यात. तोवर कोरडा हंगाम सरलेला असायचा. जाळरेषेसाठी ठेवलेली रक्कम मग तशीच राहायची, आणि अखर्चित रक्कम वर्षाअखेरीस परत करावी लागे. परत केली की पुढच्या वर्षी ‘यांची खर्च करायची क्षमता नाही’ असा शेरा. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत जे झटपट खर्ची पडतं ते व्हायचं : कार्यशाळा, गाड्या, सल्लागारांचे अहवाल. कोणी चोरी केली नाही. एक रुपयाचीही अफरातफर मी पाहिली नाही. सगळी बिलं चोख होती, आणि जंगल दोनदा जळलं.

गावसमितीला थेट पैसा द्यायचा प्रयत्न आम्ही केला होता. नियम असा की कुठल्याही खरेदीला तीन दरपत्रकं हवीत. त्या गावात जायला होडी एकाच माणसाची. तीन दरपत्रकं आणायची कुठून? शेवटी तो पैसा राजधानीतल्या एका संस्थेमार्फत गेला, आणि वाटेत त्या संस्थेचा प्रशासकीय खर्च वजा झाला.

म्हणून ग्लासगोच्या हवामान परिषदेतल्या आकड्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. २०२१ मध्ये आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी दिलेल्या रकमेपैकी त्यांच्या स्वतःच्या संघटनांपर्यंत थेट पोचले ७ टक्के. दुसऱ्या वर्षी सुमारे २ टक्के. देणाऱ्यांची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांचे हिशेबाचे नियम मोठ्या संस्थांच्या मापाने शिवलेले आहेत.

तुमचा वाद ‘आधी की नंतर’ असा चाललाय. मला विचाराल तर रक्कम केवढी आणि कागदाचा भार कोणाच्या डोक्यावर, हे ठरल्याशिवाय दोन्ही पद्धती सारख्याच फसतात.

सागवान

जमाखर्च, प्रतिसाद दोनदा वाचला. ‘बिलं चोख होती आणि जंगल दोनदा जळलं’ हे देणगीदारांच्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवायला हवं.

काठावरचा

तिघांचंही वाचून मला वाटतं, आपण भांड्यातल्या थेंबावर भांडतो आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये जगभर जंगलांवर सरकारी आणि खासगी मिळून ८४ अब्ज डॉलर खर्च झाले. २०३० पर्यंत हा आकडा वर्षाला ३०० अब्जांवर जायला हवा. यातला बहुतेक पैसा देशांनी आपापल्या अंदाजपत्रकातून घातलेला आहे, परदेशी मदत त्यात थोडी. आणि निसर्गाला मारक ठरणारी शेती अनुदानं एकटी ४०० अब्जांच्या वर जातात.

परक्याच्या दानतीवर जंगल टिकत नाही. इक्वाडोरने २००७ मध्ये जगाला सांगितलं, यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही जमिनीतच ठेवतो, बुडणाऱ्या उत्पन्नाचे निम्मे म्हणजे ३.६ अब्ज डॉलर तुम्ही द्या. सहा वर्षांत हातात आले सुमारे १.३ कोटी. २०१३ मध्ये बेत सोडला, पुढे तेल उपसणं सुरूही झालं. ते थांबवायचं ठरवलं ते ऑगस्ट २०२३ च्या सार्वमताने, ५९ टक्के मतांनी. मतं तिथल्याच लोकांची.

कोस्टारिकानेही तेच केलं. १९९६ चा वनकायदा, इंधनावरच्या करातला ठरावीक वाटा, आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला. कोणापुढे हात पसरले नाहीत. ज्याला मदत करायची आहे त्याने आपल्या बाजारात तोडलेल्या जंगलावरचा माल येऊ देऊ नये. युरोपने तसा कायदा २०२३ मध्ये केला आणि अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली. माझा खरा राग तिथे आहे.

जमाखर्च

> कोणापुढे हात पसरले नाहीत

हे तेवढं दुरुस्त करते. नॉर्वेने १९९७ मध्ये कोस्टारिकाकडून २० लाख डॉलरची कार्बन क्रेडिट (जंगलाने शोषलेल्या कार्बनचं श्रेय) विकत घेतली होती. २००० मध्ये जागतिक बँकेचं ३.२६ कोटी डॉलरचं कर्ज आलं, सोबत जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीचं ८० लाखांचं अनुदान. हा सगळा पैसा त्यांच्या राष्ट्रीय वननिधीच्या पाटातूनच वाहिला. पाट आधी त्यांनी खणला होता, बाहेरचं पाणी नंतर आलं. मदतीचं नियोजन असं असावं.

त्रयस्थ

जमाखर्च यांचा मुद्दा मान्य, नियम बदलायला हवेत. पण रानजाईंच्या वीस वर्षांच्या हमीवर मी अजून अडलो आहे. कुठलीही संसद पुढच्या संसदेचे हात बांधू शकत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्थाच मोडीत काढली. जगभरचे वनप्रकल्प अर्ध्यावर थांबले. आगाऊ आश्वासनाचं मोल तेवढंच. निकालाधारित करारात निदान घेणाऱ्याकडे दावा उरतो : आम्ही काम केलं, मोजलं गेलं, आता द्या.

रानजाई

दावा उरतो म्हणता? इंडोनेशियाने २०१० मध्ये नॉर्वेशी एक अब्ज डॉलरचा करार केला. २०११ मध्ये जुन्या जंगलांत आणि दलदलीच्या जमिनींवर नवे परवाने थांबवले. २०१६-१७ मधल्या घटीचे ५.६ कोटी डॉलर मिळेनात म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी करारच संपवला. पुढच्या वर्षी नवा करार झाला, मग ती रक्कम मिळाली. घट झाल्यावर पाच वर्षांनी. एक सरकार ते सोसू शकलं, गाव सोसू शकत नाही.

तरी संसदेबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्याने माझ्या मूळ मागणीला भोक पडतं, हे मानते. वीस वर्षांचं वचन मागण्यापेक्षा सगळा पैसा पहिल्याच दिवशी एका ठिकाणी ठेवायला लावणं बरं. ब्राझीलमध्ये २०१४ मध्ये संरक्षित क्षेत्रांसाठी असंच केलं. २१.५ कोटी डॉलरची पूर्ण जुळवाजुळव होईपर्यंत करार मिटवला नाही. नंतर २५ वर्षं त्यातून दरवर्षी रक्कम सुटायची, ती कमी कमी होत जायची आणि तेवढा वाटा सरकारने वाढवायचा. अटी पाळल्या नाहीत तर त्या वर्षीचा हप्ता थांबतो. पैसा आधी आलेला आहे आणि तपासणीही आहे. भूताननेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचा न्यास उभा करून त्यात मूळ भांडवल घालून घेतलं होतं. असा निधी गावसमित्यांसाठी का नको?

त्रयस्थ

याला माझा विरोध नाही. अट खरोखर लागू केली जात असेल तर. हप्ता थांबवायची वेळ आल्यावर कोणी थांबवत नाही, हा अनुभव आहे.

सागवान

एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यातून निसटली म्हणून लिहितो. आपण वनव्यवस्थापनाबद्दल बोलतोय आणि प्रत्येक जण फक्त ‘तोड थांबवणं’ धरून चाललाय. व्यवस्थापनात तोडही येते. विरळणी, कूप (एका वेळी तोडायचा तुकडा) आखणं, कुठलं झाड ठेवायचं, कुठलं घ्यायचं, घेतल्यावर किती वर्षं त्या तुकड्याला हात लावायचा नाही.

ग्वाटेमालात पेतेनच्या राखीव जीवावरणात १९९४ पासून गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या सवलती, म्हणजे जंगल वापरायचे हक्क, दिल्या. त्या महोगनी कापतात, मोजून. शाते नावाच्या ताडाची पानं विकतात. पहिल्या काही वर्षांत अमेरिकी मदत होती, प्रशिक्षणाला, आराखड्याला, लाकूड जपून काढल्याच्या प्रमाणपत्राला. या चालत्या सवलतींमधली तोड शेजारच्या, तोडीला बंदी असलेल्या गाभा क्षेत्रापेक्षाही कमी राहिली आहे. लाकडाच्या उत्पन्नातून तेच वणव्याच्या गस्तीचा खर्च करतात. कार्मेलिता गावाची सवलत २०१९ मध्ये आणखी २५ वर्षांसाठी वाढवली गेली. मदत देणारी संस्था आता नाही, गस्त आहे.

काठावरचा

हे पटलं. पण ती महोगनी घेणारा बाजार खुला हवा ना? युरोपच्या कायद्यात प्रत्येक मालाच्या भूखंडाचे अक्षांश-रेखांश द्यायचे आहेत. मोठी कंपनी त्यासाठी माणूस ठेवेल. छोट्या गावसंस्थेला कोण करून देणार?

जमाखर्च

तोच खर्च मदतीतून व्हावा. गावसंस्थेचा एक हिशेबनीस आणि एक नकाशे करणारा, दोघांचा दहा वर्षांचा पगार. आमच्या प्रकल्पात एका वर्षी कार्यशाळांवर गेलेल्या पैशात हे दोघं सहज बसले असते. मी तेव्हा तसा प्रस्ताव लिहिला होता. पगार हा ‘आवर्ती खर्च’ असल्याने तो कुठल्याच शीर्षात बसला नाही.