प्रकाशयोजना शिकवणाऱ्या सरांच्या सभेत दहा मिनिटं बोलायचंय. काय सांगू?

निळं_जिलेटीन:

आमचे सर गेले. आयुष्यभर त्यांनी नाटकांचे लाइट्स केले आणि पोरांना शिकवले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या आठवणींची सभा आहे, मला दहा मिनिटं दिलीत. समोर घरचे लोक असतील, नट असतील, आणि विंगेच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेले बरेच जण असतील. नटाबद्दल बोलताना त्याचं एखादं स्वगत म्हणून दाखवता येतं, लेखकाचं पान वाचता येतं. सरांचं काम पडदा पडला की संपायचं. मग त्यांचं काय दाखवू?

मला सगळ्यात आधी आठवतो तो पहिला दिवस. त्यांनी वहीसुद्धा उघडू दिली नाही. मला रंगमंचाच्या मधोमध उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि वरचा हजार वॉटचा फ्रेनेल, म्हणजे मऊ कडांचा उजेड टाकणारा दिवा, लावला. "गरम कुठे लागतंय?" मी म्हटलं, डाव्या गालावर, कानाजवळ. "मग डावीकडे सरक. अजून थोडी. आता?" आता कपाळ, नाक, दोन्ही गाल सारखेच गरम लागत होते. "ही जागा. नटाला खाली बघून खूण शोधायला लावायची नाही. त्याला ही ऊब ओळखायला शिकवायचं."

पुढे फळ्यावर सगळं आलंच. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅककँडलेस यांची पद्धत, दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून येणारा उजेड, एक बाजू उबदार रंगाची, दुसरी थंड. पण त्याच्या आधी आठवडाभर सर एका मुलाला स्टुलावर बसवायचे आणि हातातला दिवा कधी त्याच्या हनुवटीखाली धरायचे, कधी थेट डोक्यावर, कधी पाठीमागे. दर वेळी आम्हाला एकच प्रश्न: "हा आता काय लपवतोय?"

हे ऐकणाऱ्यांपर्यंत पोचेल का? तुमच्याकडे काही असेल तर लिहा.

विंगेतला:

मी तुमच्या बराच आधीचा. सर स्वतः मिठाच्या पाण्याच्या डिमरवर शिकले, हे सभेत नक्की सांग. मातीच्या भांड्यात खारं पाणी, तळाशी एक धातूची पट्टी, दुसरी दोरीने वरखाली करायची. पट्ट्या जवळ आल्या की दिवा उजळायचा, लांब गेल्या की मंदावायचा. पाणी तापून वाफ यायची आणि उघड्या विजेशेजारी माणूस दोरी धरून उभा. त्यांच्या मनगटावरचा डाग तिथलाच. फेड, म्हणजे उजेड हळूहळू चढवणं-उतरवणं, ते बोटांनी नाही, श्वासाने मोजायचे, ती सवयही त्या दोरीचीच असं मला कायम वाटत आलंय.

आता माझी गोष्ट. स्पर्धेतली एकांकिका चालू होती आणि मी एक पान आधीच ब्लॅकआउट दिला. नटीचं वाक्य अर्धवट तुटलं. सर माझ्या मागेच उभे होते. मला वाटलं, आता मला बाजूला करून स्वतः बसतील. त्यांनी स्लायडरला हातही लावला नाही. हळू म्हणाले, "भसकन आणू नकोस. ती अंधारात थांबलीय, तुझी वाट बघतेय. दहा मोज आणि आण." मी मोजत मोजत उजेड वर आणला. ती जागची हललेली नव्हती. तुटलेलं वाक्य तिने तिथूनच उचललं आणि प्रयोग पुढे गेला.

खेळ संपल्यावर सरांनी मला मेकअपरूमच्या दाराशी नेलं. "माफी माग. तिने तुला सांभाळून घेतलंय." चुकीबद्दल ते मला जे बोलले ते एवढंच. त्यानंतर माझ्या प्रत्येक क्यूशीटवर, म्हणजे उजेड कधी बदलायचा त्या यादीवर, क्यूच्या शेजारी त्या क्षणी रंगमंचावर असलेल्या नटाचं नाव असतं.

तारखा, पुरस्कार वगैरे दुसरं कुणीतरी वाचेल. तू त्यात वेळ घालवू नकोस.

शिडीवरची:

मी सरांना कधी पाहिलं नाही. ज्या मॅडमकडे शिकले त्या त्यांच्या विद्यार्थिनी. तरी वर चढण्याआधी खिसे रिकामे करणं, पाना दोरीने मनगटाला बांधणं, दिवा लटकवला की आधी सेफ्टी चेन आणि मगच वायर, हे सगळं त्यांचंच माझ्यापर्यंत आलंय. हॅलोजनच्या बल्बला उघडा हात लावू नये हेही. बोटांचं तेल काचेला लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब फुटू शकतो.

तुमची उबेची गोष्ट वाचून मात्र चुटपुट लागली. मी एलईडीवरच वाढले. त्या उजेडात उभं राहिलं तर गालाला काही कळत नाही. आमचे नट जमिनीवरची चिकटपट्टी शोधत फिरतात.

एक सुचवू? प्रयोगांचे फोटो पडद्यावर दाखवू नका. मंद उजेडात डोळ्याला जे दिसतं ते कॅमेऱ्यात येत नाही, काळोख नुसता काळा होऊन बसतो. त्यापेक्षा कुणाला तरी त्या उजेडात उभं करा.

निळं_जिलेटीन:

@शिडीवरची, हे सकाळपासून डोक्यात फिरतंय. ठरलं. सभागृहात एक जुना फ्रेनेल आहे, आज फोन करून विचारलं. बोलणं पाच मिनिटांत आटपते. मग सरांच्या नातीला विचारेन, वर येशील का. डोळे मिटून उभी राहा म्हणेन आणि तिच्या आजोबांनी मला विचारलं तेच तिला विचारेन. तिने फक्त जागा शोधायची. बाकी दिवे बंद.

@विंगेतला, ब्लॅकआउटची गोष्ट तूच सांग. माझी उरलेली मिनिटं तुझी. शेवटचा फेडही तूच कर, दहा मोजून.

दिवा लटकवायला दुपारी तीनला जातेय. शिडी धरायला माणूस हवा. खाली कुणी नसेल तर सर आम्हाला पहिल्या पायरीवरही पाय ठेवू द्यायचे नाहीत.

शिडीवरची:

मी येते धरायला. पाना बांधायला दोरी आणतेय.