राजगड ते तोरणा डोंगरधारेवरून: सल्ला हवा आहे

रानमेवा: डिसेंबरात राजगड–तोरणा करायचा बेत आहे. चौघे आहोत. दोघांना भटकंतीची सवय आहे, बाकी दोघांची मजल सिंहगडापर्यंत. कुठून सुरुवात करावी? वाटाड्या लागेल का? पाणी किती न्यावं?

कारवी: राजगडावरून तोरण्याकडेच जा, उलटं नको. तोरण्याच्या बुधला माचीखालचा कातळ चढायला सोपा आहे, पण थकल्या पायांनी तो आणि त्याखालचा सुट्या माती-दगडांचा घसारा उतरताना नवख्यांची तंतरते. शिवाय तोरण्यावरून पायथ्याच्या वेल्हे गावात उतरणारी वाट मळलेली आहे, अवघड जागी रेलिंग आहे.

आदल्या रात्री राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात घरगुती जेवण-मुक्काम करा. पहाटे चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढा. बालेकिल्ल्याचा मोह या खेपेला आवरा, त्यात सकाळ जाते. तडक संजीवनी माची गाठा. माची संपता संपत नाही, तिथली दुहेरी तटबंदी बघत रेंगाळायला होतं. आळू दरवाजातून बाहेर पडलात की खरी धार सुरू.

पुढे एकच सांगेन, धार सोडू नका. डावीकडे भाटघर धरणाचं पाणी, उजवीकडे वेल्ह्याचं खोरं, दोन्ही दिसत राहिलं पाहिजे. कारवीच्या झुडपांत मध्येच एखादी ऐसपैस वाट खाली फुटते आणि पाय आपसूक तिकडे वळतात. ती ढोरवाट असते. दहा मिनिटं चालूनही उतारच लागत असेल तर मुकाट मागे फिरा. मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. कुणाचे गुडघे बोलायला लागले असतील तर त्याला तिथूनच खाली पाठवा, कारण यापुढे थेट तोरण्यावर चढूनच सुटका.

सह्यमित्र_६७: कारवी यांच्याशी सहमत, पण बालेकिल्ला टाळा हे पटलं नाही. इतक्या लांब जाऊन शिवरायांच्या राजधानीचा माथा न बघता पुढे पळायचं? एक दिवस वाढवा की!

कारवी: @सह्यमित्र, दिवस असेल तर दुधात साखर. पण त्यांच्यातल्या दोघांना बुधल्यावर अंधार पडायला नको.

झुणकाभाकर: पाणी माणशी चार लिटर. धारेवर धनगरांच्या घरी ताक, सरबत मिळतं, पण त्या भरवशावर निघू नका. गडावरच्या टाक्यांचं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्या. बूट जुने, रुळलेले घाला. हो, अत्तर, डिओ घरी ठेवा आणि शेकोटी नको. मधमाश्या उठल्या तर पळायला धारेवर जागा नसते.

रानमेवा: मनापासून आभार सगळ्यांचे. वाटाड्याचं राहिलं. मोबाइलमध्ये मार्ग उतरवून घेतला तर भागेल ना?

कारवी: दोन नवखे सोबत आहेत, तर गुंजवण्यातूनच कुणाला तरी न्या. धुकं उतरलं की मोबाइल तुम्ही कुठे आहात ते सांगतो, पण पुढच्या पावलाखाली कातळ आहे की कडा, हे नाही सांगत. गावातल्या माणसाला दिवसाचे पैसे निघायच्या आधी बोलून घ्या. तो वेल्ह्यात उतरणार, म्हणजे परत गुंजवण्याला जायचं भाडंही त्यात धरा. लोक हे हमखास विसरतात.

रानमेवा: हे ध्यानातच आलं नव्हतं. आमची गाडी तरी गुंजवण्यातच राहणार, आणायला जाताना त्यांनाही बरोबर घेतो.