मदत हवी आहे: घरचा इमिच फोटो सर्व्हर बाहेरून कसा उघडावा?

फोंड्यात घरच्या पीसीवर उबंटू, डॉकर (ॲप्स चालवायचं साधन) आणि त्यात इमिच (स्वतःच्या सर्व्हरवर फोटो-व्हिडिओ साठवणारं ॲप). घरच्यांचे फोटो कुठल्या कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत असं मनापासून वाटतं.

वायफायवर सगळं झकास चालतं. पण फायबर सीजीनॅटवर आहे, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला (राउटरचा वॅन आयपी १००.६४ ने सुरू होतो), म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून बाहेरच्यांना आत वाट देणं) निरुपयोगी. स्टॅटिक आयपी नाही, आयपीव्ही६ नाही.

क्लाउडफ्लेअर टनेल (त्यांच्या सर्व्हरमार्फत घरापर्यंत वाट): मोफत प्लॅनमध्ये एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा, चवथीच्या आरतीचे व्हिडिओ त्याहून मोठे. टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं व्हीपीएन) उत्तम, पण डिचोलीच्या आईला फोनवर व्हीपीएन सांभाळायला लावायचं नाही.

यूपीएस आहे. महिना ४०० रुपयांपर्यंत चालेल.

छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन त्यावर वायरगार्ड (घरच्या पीसीशी जोडणारं व्हीपीएन) आणि रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घरच्या पीसीकडे पोचवणारा प्रोग्राम) लावली, तर १ जीबी रॅम पुरेल का? आणि गोव्यातून मोठ्या अपलोडला मुंबईचा सर्व्हर बरा की बंगळुरूचा?