नऊ वर्षांच्या केसनंतर 'कोर्ट उठेपर्यंत' शिक्षा, पुढे काही करता येतं का?

दुधकिटली: माझे वडील २०१६ ला गेले, पहाटे डेअरीला दूध घालून एम-ऐंशीवरून परत येताना मागून टेम्पोने उडवलं. कलम ३०४ अ लागलं, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. तेव्हापासून तारखा चालू, आई प्रत्येक तारखेला यायची, अर्ध्या वेळा साहेब रजेवर नाहीतर समन्स बजावलं नाही म्हणून पुढची तारीख. चहाच्या टपरीवाल्याने सगळं बघितलेलं, पंचनाम्याच्या वेळी तोच बोलत होता, कोर्टात उभा राहिल्यावर म्हणाला मी आत स्टोव्हपाशी होतो मला काही दिसलं नाही. मागच्या आठवड्यात ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली पाच हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. आम्हाला कळेचना म्हणजे काय. तो मागच्या बाकावर मोबाईल खिशात ठेवून बसला, साडेपाचला जज साहेब उठून आत गेले, पट्टेवाल्याने फॅन बंद केला आणि तो आमच्यासमोरून घरी गेला. आई बाहेरच्या बाकावर बसलेली, मला विचारते, आता ह्याला कुठं नेणार?

काय सांगू तिला? आमचा वकील आणि त्याचा वकील त्याच दिवशी कॅन्टीनला एकत्र चहा पीत होते. माझा तर कोणावरच विश्वास राहिला नाही. पुढे काही होतं का, का सोडून द्यायचं?

कल्याणीनगर_कर: वाचून पोटात गोळा आला. आम्ही पुण्यात हेच बघितलं, १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी मारले आणि १७ वर्षांच्या पोराला त्याच दिवशी जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणे. दोन जीवांची किंमत ३०० शब्द! पैसेवाल्याला एक कायदा आणि तुमच्या आईला दुसरा, माझं तरी स्पष्ट मत आहे की सगळी सिस्टीम विकली गेलीये.

तालुका_बार: दादा, मी तालुका कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. आधी तुमच्या प्रश्नाचं.

३०४ अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं, 'किंवा दंड, किंवा दोन्ही'. कमीत कमी किती द्यायची हे कायद्यात लिहिलेलंच नाही, म्हणून कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा बसते. नवीन न्याय संहितेत कलम १०६ ला पाच वर्षांपर्यंत केलीये, पण ती १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना, तुमच्या केसला जुनंच लागणार. माझ्या मते मृत्यूच्या केसमध्ये अशी शिक्षा देऊच नये, हे मी वकील असून म्हणतोय.

आता पुढे. शिक्षा कमी झाली म्हणून तुम्हाला स्वतःला अपील करता येत नाही, हे फार लोकांना माहीतच नसतं. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी धरला किंवा भरपाई कमी दिली तर पीडिताच्या कुटुंबाला अपील आहे, शिक्षा वाढवायचं अपील मात्र सरकारनेच करायचं. म्हणून सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुदत असते, आजच निकालाच्या नकलेचा अर्ज टाका. मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा वेगळा असतो, तो केलाय ना?

आणि चहाचं म्हणाल तर आम्ही रोज समोरासमोर लढतो आणि रोज एकत्र जेवतो, तो व्यवहार नसतो. पण क्लायंटची आई बाहेर बाकावर बसलीये आणि तिला 'आज काय झालं' हे कोणी सांगितलं नाही, ही आमच्या लोकांची चूक आहे, ती मी मान्य करतो.

निरीक्षण_ताई: मी बालकांच्या केसेसमध्ये समुपदेशनाचं काम केलंय म्हणून पोर्शेबद्दल लिहिते. कल्याणीनगर_कर, तुमचा राग खरा आहे पण दोन गोष्टी वेगळ्या करा. अल्पवयीनाला जामीन हा कायद्यातच नियम आहे, नाकारणं अपवाद. जामिनानंतर लोक खवळले तेव्हा बाल न्याय मंडळाने, म्हणजे बोर्डाने, त्याला निरीक्षणगृहात (अल्पवयीन आरोपींना ठेवतात तिथे) पाठवलं होतं, जून २०२४ मध्ये हायकोर्टाने तिथून सोडलं ते ह्याच कायद्यावर. त्याला सज्ञान धरायचा अर्ज बोर्डाने जुलै २०२५ ला फेटाळला. कारण तसं करायला गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा लागते, त्याच्यावर लावलेल्या सदोष मनुष्यवधाला कमीत कमी अशी नाहीच, सुप्रीम कोर्टाने हे २०२० लाच सांगितलेलं.

निबंध मात्र निबंधच, त्याचं समर्थन मी करणार नाही, बोर्डाच्या दोन सदस्यांना सरकारने नंतर काढलं ते योग्यच झालं. पण माझ्या मते खरी भीती वाटायला हवी ती पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या रक्ताच्या नमुन्यांची. मुलाचं रक्त बदलून त्याच्या आईचं ठेवल्याचा आरोप आहे, डॉक्टरांना अटक झाली. पुरावाच मेला तर जज कितीही सरळ असू दे, करणार काय? तुमच्या टपरीवाल्याचंही तेच झालं ना दादा.

तालुका_बार: ताईंचं बरोबर आहे. शिक्षा वाढते ह्याचं उदाहरणही देतो. २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना गाडीने चिरडलं, सेशन कोर्टाने सहा महिने दिले, लोक खवळले, हायकोर्टाने ३०४ भाग २, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावून तीन वर्षं केली आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तुमच्याकडे गुन्हा कबुलीचा आहे, कलम तेच राहील, तीन वर्षांची आशा मी दाखवणार नाही. पण दोन वर्षांच्या आतली खरी कैद मागता येते.

दुधकिटली: दावा केला होता, त्याचे पैसे २०२० ला मिळाले. अपिलाचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, आमचा वकील म्हणाला आता संपलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते पैसे नकोत, त्याने निदान एक रात्र तरी आत काढावी. सोमवारी नकलेचा अर्ज टाकतो. सरकारी वकिलांच्या अर्जावर माझी सही चालेल का आईची लागेल?

तालुका_बार: आईची घ्या, खाली तुमचीही करा. आणि त्यांना सोबत घेऊन जा, अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका.